वर्गात आज कोण बोललं?

प्रति,
राज्यातल्या पाचवी ते दहावीच्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये पट भरतो. त्यात पारधी वस्तीवरची मुलगी असते, ऊसतोड कामगारांचा मुलगा असतो, श्रवणयंत्र लावणारं मूल असतं, घरी कोरकू, गोंडी, पावरी, गोरमाटी किंवा भोजपुरी बोलणारी मुलं असतात. दाखल्याची नोंद झाली, आधार जोडलं, गणवेश आणि पुस्तकं वाटली की आपण ‘सर्वांना सामावून घेतलं’ असं समजतो. हे पत्र त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल आहे. परिपाठाला माईकसमोर कोण उभं राहतं? प्रश्नाचं उत्तर कोण देतं? गटाच्या वतीनं कोण बोलतं, आणि स्नेहसंमेलनात मंचावर कोण चढतं? बहुतेक शाळांत ही नावं जुलैअखेर ठरून जातात आणि मार्चपर्यंत तीच राहतात. कुणी मुद्दाम कुणाला वगळत नाही. जो पटकन हात वर करतो त्याचा नंबर लागतो, ज्याचा नंबर लागतो त्याला सवय होते, आणि सवय झालेल्या मुलालाच पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं जातं, कारण कार्यक्रम बिघडायला नको असतो. सहभाग वेळापत्रकासारखा आखावा लागतो. मुलांच्या स्वभावावर सोडला की तो आपसूक मोजक्यांकडेच जातो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ मधल्या, खाजगी शाळांत दुर्बल व वंचित गटांसाठी राखलेल्या प्रवेशाच्या २५ टक्के जागा सगळ्यांना पाठ आहेत. त्याच कायद्याचं कलम २९ फारसं कुणाच्या तोंडी नसतं. मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं, त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं, आणि शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असं ते कलम सांगतं. आम्ही पुढे जे मागतो आहोत त्याला वेगळ्या योजनेची किंवा निधीची वाट पाहायची गरज नाही.

सुरुवात मोजणीनं करा. वर्गाची बैठकव्यवस्था एका कागदावर काढा, प्रत्येक मुलाची एक चौकट. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांनी मागे बसून रोज दोन तासिका नोंद घ्यायची. मूल आपणहून बोललं तर बरोबरची खूण, शिक्षकांनी नाव घेऊन विचारल्यावर बोललं तर गोल. सगळ्यांनी एका सुरात दिलेलं उत्तर मोजायचं नाही. ‘समजलं का?’ याला आलेल्या लांबलचक ‘होऽऽ’मध्ये न समजलेली मुलं सगळ्यात चांगली लपतात. सोमवार ते शुक्रवार हे करा आणि सोमवारचा कागद बाजूला ठेवा, कारण कुणी मागे बसलंय म्हटल्यावर पहिल्या दिवशी शिक्षक नेहमीपेक्षा जास्त मुलांना विचारतात. उरलेल्या चार दिवसांच्या खुणा एका कागदावर आणल्या की रिकाम्या चौकटी समोर येतात. प्रत्येक रिकाम्या चौकटीत तीन गोष्टी लिहा: मुलगा की मुलगी, घरची भाषा, घरापासून शाळेचं अंतर. बसण्याची जागा चित्रात आहेच. हा कागद मुलांना दाखवू नका, भिंतीवर लावू नका आणि शिक्षण परिषदेत नावं घेऊन वाचू नका. तो शिक्षकानं स्वतःसाठी वापरायचा आहे. दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत पुन्हा तशीच मोजणी केली की कोणती चौकट भरली ते कळतं.

रिकाम्या चौकटी भरायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात असं दिसलं. ती शांतता तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाला प्रश्न ऐकायचा असतो, अर्थ लावायचा असतो, मनात आलेलं उत्तर मराठीत जुळवायचं असतं. त्याला तीन सेकंदही अपुरे पडतात. मनात सातपर्यंत मोजा. या सात सेकंदांत दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे शांतता सहन न होऊन आपणच उत्तराचं पहिलं अक्षर देतो. दुसरी, मदत म्हणून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. त्या मुलासाठी तो नवा प्रश्न असतो. त्याची अर्ध्यावर आलेली जुळवाजुळव मोडते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा आणि तोंड बंद ठेवा.

यानंतरची पायरी जोडीची. एक मिनिट प्रत्येकानं वहीत लिहायचं किंवा चित्र काढायचं, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गासमोर. चाळीस मुलांच्या वर्गात दोन मिनिटांत वीस जण एकाच वेळी बोलत असतात. तेवढ्या मुलांना एकेक करून विचारायचं तर तासिका पुरणार नाही. गोंगाट होतो हे खरं. हात वर केला की गप्प, अशी एक खूण पहिल्या आठवड्यात पक्की केली की तो आटोक्यात राहतो. खरी अडचण वेगळी आहे. जोडीत हुशार समजलं जाणारं मूल सांगतं आणि दुसरं मान डोलावतं. म्हणून नियम असा करा की वर्गासमोर स्वतःचं नाही, जोडीदाराचं उत्तर सांगायचं. मग बोलक्या मुलाला ऐकावं लागतं आणि गप्प मुलाचं म्हणणं निदान एकदा सगळ्या वर्गापुढे त्याच्या नावानिशी येतं. जोडी दर पंधरा दिवसांनी बदला. मैत्रिणी-मैत्रिणी आणि वाडीवरचे वाडीवरचे असे बसत राहिले तर वर्गात जी भिंत होती तीच बाकावर येते.

कुणाला विचारायचं हे ठरवायला आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून त्या डब्यात ठेवायची पद्धत बऱ्याच शाळांत पोचली आहे. ती चांगली आहे, पण चुकीच्या वेळी वापरली जाते. शिक्षक आधी काडी काढतात, नाव घेतात, मग प्रश्न विचारतात. ज्याचं नाव आलं त्याच्या पोटात गोळा येतो आणि बाकीचे सुटल्याच्या आनंदात ऐकायचं थांबवतात. क्रम उलटा हवा: आधी प्रश्न, मग जोडीत बोलणं, मग काडी. ‘पुढच्या फेरीत सांगतो’ म्हणायची मुभा प्रत्येकाला द्या, पण त्याच तासिकेत त्या मुलाकडे परत या. परत गेला नाहीत तर ती मुभा दोन आठवड्यांत कायमची सुट्टी होते. वापरलेली काडी लगेच डब्यात टाकू नका. सगळ्यांचा नंबर लागेपर्यंत ती बाहेर राहू द्या.

गटकामात चार जण असावेत. सहा झाले की दोघं प्रेक्षक होतात. गटात कामं वाटून दिली तरी महिन्याभरात त्यांना जात-लिंगाचा साचा चिकटतो. ‘अक्षर चांगलं आहे’ म्हणून लिहायचं काम मुलीकडे आणि सादर करायचं मुलाकडे. गटातल्या चार जागांना १, २, ३, ४ क्रमांक द्या आणि आठवड्याप्रमाणे कामं फिरवा: या आठवड्यात क्रमांक १ बोलेल, पुढच्या आठवड्यात २. हाच नियम वर्गाच्या साफसफाईला लावा. झाडू मुलींच्या हातात, बाक उचलायला मुलगे, आणि पाण्याच्या टाकीला हात कुणी लावायचा नाही हे न बोलता ठरलेलं, असं आजही दिसतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि तिथली कामंही करायची. आपल्या वर्गातली कामाची यादी त्याच्या मागे असायचं काही कारण नाही. यादीत सगळी नावं घ्या, ती अक्षरक्रमानं फिरवा आणि दाराच्या आतल्या बाजूला लावा.

हजेरीचंही तसंच. अनेक शाळांत आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. वर्षभर रोज ऐकलेला क्रम मुलांच्या मनात बसतो. हजेरी मिसळून अक्षरक्रमानं घ्या. शिष्यवृत्तीची कागदपत्रं मागवताना प्रवर्गाचं नाव घेऊन भर वर्गात मुलांना उभं करणं आजपासून बंद करा. आधारची आणि बँक पासबुकाची प्रत एकाच दिवशी सगळ्या वर्गाकडून मागवा, आणि जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बंद पाकिटातली चिठ्ठी घरी पाठवा. वर्गासमोर उभं राहिलेलं मूल त्या दिवशी पुढचं काही बोलत नाही.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण गप्प बसलेल्या मुलांमधली बरीच मुलं मुळात गप्प नसतातच. वर्गाबाहेर, वाटेवर, पाण्याच्या नळावर ती भरपूर बोलतात. वर्गात ‘पानी’ म्हटल्यावर हशा पिकतो आणि शिक्षक वाक्य मध्येच तोडून ‘पाणी, ण’ असं दुरुस्त करतात. ण-न, श-स, ळ-ल ही दुरुस्ती मुलाचं बोलणं चालू असताना करू नका. त्याचं म्हणणं पूर्ण होऊ द्या, मग तेच प्रमाण मराठीत सहज पुन्हा म्हणा: ‘बरोबर, पाणी गरम झालं की त्याची वाफ होते.’ मूल दोन्ही ऐकतं आणि पुढच्या वेळी आपणहून बदलतं. जोडीत घरच्या भाषेत बोलायची परवानगी उघडपणे द्या. आधी विचार पक्का होतो, मग मराठीत सांगणं सोपं जातं. पाठाच्या सुरुवातीला चार-पाच कळीचे शब्द घ्या आणि प्रत्येकासमोर वर्गातल्या घरांत त्याला काय म्हणतात ते लिहा. पाण्याला गोंडीत येर म्हणतात, कोरकूत डा. पण एक सांभाळा. एकाच मुलाला उभं करून ‘तुमच्या भाषेत बोलून दाखव’ म्हटलं की त्याचा खेळ होतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, उर्दू, सगळ्यांनी आपापल्या घरचा शब्द द्यायचा. प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातही आजीचे वेगळे शब्द असतात, तेही फळ्यावर यावेत. खाजगी इंग्रजी शाळांना एवढंच सांगायचं आहे: मराठीत बोलल्याबद्दल दंड लावला की २५ टक्क्यांतून आलेलं मूल सगळ्यात आधी बंद होतं.

आता परिपाठ. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा अशी सहा-सात कामं रोज असतात. महिन्याला साधारण बावीस दिवस धरले तर दीडशेच्या आसपास संधी होतात, म्हणजे छोट्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला महिन्यात एकदा तरी माईक मिळू शकतो. महिन्याचा तक्ता आधी लावा आणि तीन दिवस आधी मुलाच्या हातात मजकूर द्या. आदल्या संध्याकाळी दिला तर ज्याच्या घरी वाचून घेणारं कुणी नाही तेच मूल अडखळतं. माईकची उंची बदलता यावी. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी माईक हातात द्या. अडखळत बोलणाऱ्या मुलाला अनेकदा दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलताना अडत नाही, म्हणून सुविचार जोडीनं वाचायचा पर्याय ठेवा. पण त्यानं स्वतः होकार दिला तरच. तो अडला तर त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नका आणि ‘सावकाश बोल, श्वास घे’ असं सगळ्यांसमोर सांगू नका. त्याच्याकडे पाहत थांबा.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाबद्दल एक गैरसमज सर्रास आहे, की यंत्र लावलं म्हणजे ऐकू येतं. यंत्र पंख्याचा, पत्र्यावरच्या पावसाचा आणि बाक सरकवल्याचा आवाजही तितकाच मोठा करतं. शिक्षक पाच-सहा फुटांच्या आत असले आणि चेहरा दिसत असला तरच त्याला नीट पोचतं. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर चेहरा काळोखात जातो. फळ्यावर लिहिताना बोललात तर ओठ दिसत नाहीत. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कोण बोललं तिकडे हात दाखवा आणि ते उत्तर पुन्हा सांगा. इतर मुलांनाही याचा फायदा होतो. बाक दर सोमवारी एक रांग पुढे सरकवत असाल, जे करावंच, तर या मुलाची आणि कमी दिसणाऱ्या मुलाची जागा मात्र पुढेच राहू द्या.

सगळ्यात मोठी वगळणूक होते ती स्नेहसंमेलनात, आणि ती तारखेपासून सुरू होते. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सहल, संमेलन हे सगळं आपण डिसेंबर-जानेवारीत ठेवतो. आईवडिलांबरोबर फडावर गेलेलं मूल शाळेच्या आठ वर्षांत एकाही कार्यक्रमात दिसत नाही, आणि ते वगळलं गेलं असं कुणाला वाटतही नाही, कारण त्या दिवशी ते गैरहजर असतं. ज्या शाळेतून मुलं स्थलांतर करतात तिथे वर्षातला एक मोठा कार्यक्रम सप्टेंबरमध्ये घ्या. कारखान्याजवळच्या शाळांचं याच्या उलट. तिथे ही मुलं नोव्हेंबरमध्ये शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळा देते ते) घेऊन येतात तेव्हा गट, नाचाच्या जोड्या, वर्गमंत्री सगळं ठरून गेलेलं असतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गट नव्यानं पाडायचे हे वार्षिक नियोजनातच लिहून टाका. मुलांच्या दिवसाप्रमाणे शाळेनं वेळ बदलणं आपल्याकडे नवं नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणशाळा मुलांच्या मागे कुरणात गेली. आपल्याला फक्त एक तारीख हलवायची आहे.

सराव शाळेच्या वेळेतच घ्या. साडेपाचनंतरचा सराव म्हणजे एसटीनं येणाऱ्या मुली बाद. पास मोफत असला तरी शेवटची गाडी कुणासाठी थांबत नाही. पोशाख भाड्यानं आणायचा असेल तर कित्येक मुलं ‘मला नाचायला आवडत नाही’ असं सांगून मोकळी होतात, आणि आपण ते खरं मानतो. शाळेचा गणवेश आणि एका रंगाची ओढणी किंवा फेटा, एवढ्यात उत्तम नाच बसतो.

मंचाचं गणित एकदा करून पाहा. तीन फूट उंच मंचावर चाकाची खुर्ची न्यायची तर उतार १:१२ हवा, म्हणजे ३६ फूट लांबीचा. मांडववाल्याकडे तेवढी फळी नसते. तो आठ फुटांची फळी तिरपी लावतो, आणि त्या चढावर खुर्ची मागे कलंडू शकते. मग चौघं जण खुर्चीसकट मुलाला उचलून वर नेतात आणि टाळ्या वाजतात. त्या मुलाला कसं वाटलं हे कुणी विचारत नाही. मंच सहा इंचांचा करा. सहा फुटांचा उतार पुरतो, तोही किमान चार फूट रुंद, कडेला पट्टी ठोकलेला आणि वर सैल सतरंजी नसलेला. समोर लहान मुलं जमिनीवर, मागे खुर्च्या, त्यामागे उभे लोक अशी बैठक केली की सगळ्यांना दिसतं. तेही जमत नसेल तर बक्षीस वाटप खालीच करा, सगळ्यांचं. एकट्या त्या मुलाला खाली आणि बाकीच्यांना वर, असं नको. श्रवणयंत्र असलेली मुलं ध्वनिक्षेपकापासून लांब बसवा.

व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना शेवटचं. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल व वंचित गटांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा असावी, असं कायदा सांगतो. नावं असतात. बैठक मात्र मंगळवारी सकाळी अकराला असते, आणि रोजंदारीवरची आई त्यासाठी दिवस बुडवत नाही. इतिवृत्ताची वही संध्याकाळी तिच्या घरी सहीसाठी जाते. ज्या दिवशी गावात कामाला सुट्टी असते, कुठे अमावास्येला, कुठे बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी बैठक ठेवा. आधीचं इतिवृत्त मोठ्यानं वाचा, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. प्रत्येक विषयावर आधी अशा पालकांना विचारा आणि सरपंचांना किंवा मुख्याध्यापकांना शेवटी. पहिल्यांदा मोठ्या माणसाचं मत आलं की बाकीच्यांचं तेच होतं. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक चिठ्ठ्यांनी, चिन्हं देऊन घ्या. हात वर करून घेतली तर मुलं उमेदवाराकडे पाहत नाहीत, शेजारी कुणाचा हात वर आहे ते पाहतात. पदं दर तीन महिन्यांनी बदला, म्हणजे वर्षात चौपट मुलांना काम मिळतं.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्या: मोजणीचा आठवडा कोणता, आणि संमेलनाची तारीख कोणती. तारीख ठरवण्याआधी गावातून कोणती कुटुंबं कधी निघणार आहेत याची यादी समितीतल्या पालकांकडून घ्या. ती त्यांना तोंडपाठ असते.

आपले,
वर्गांत, विशेष शिक्षणात आणि शाळा व्यवस्थापन समित्यांत काम करणारे आम्ही काही शिक्षक व पालक